लाकडी बॅले नर्तकी: हाताने रंगवलेली की छापील?
मॉस्कोच्या इझमायलोवो बाजारात लाकडी बॅले नर्तकी घेताना विक्रेता ‘हाताने रंगवलेली’ म्हणाला, तरी पैसे काढण्याआधी एवढं करा.

१. त्याच नमुन्याच्या दोन नर्तकी मागून शेजारी ठेवा. डोळे, भुवया, झग्याची लेस नीट बघा. हाताच्या कामात थोडा तरी फरक पडतोच. ठिपक्याला ठिपका जुळला, तर चित्र छापून चिकटवलंय असं समजा.

२. मोबाइलचा टॉर्च तिरपा मारा. ब्रशचे फटकारे किंचित उठून दिसतात, स्टिकरची कड चकाकते. व्हार्निश जाड असेल तर हे कळत नाही, म्हणून पहिली युक्तीच जास्त भरवशाची.

तळावरच्या सहीवर विसंबू नका, तीही छापता येते. आणि रंग नखाने खरवडून पाहू नका. ती नर्तकी गळ्यातच पडेल.