माळ्यावरचा ट्यूनर-ॲम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू करताना
१९७०च्या दशकातला जपानी ट्यूनर-ॲम्प्लिफायर (रेडिओ आणि ॲम्प्लिफायर एकत्र असलेला संच) वर्षानुवर्षे माळ्यावर पडून असेल, तर तो थेट २३० व्होल्टच्या सॉकेटला लावू नये. परदेशातून आणलेले बरेच संच १०० किंवा १२० व्होल्टचे असतात, त्यामुळे आधी मागच्या पट्टीवर लिहिलेले व्होल्टेज वाचावे आणि गरज असल्यास व्होल्टेज कमी करणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरावा. मग स्पीकर काढून, फेजच्या वायरीत ६० वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब (एलईडी इथे कुचकामी) सिरीजमध्ये, म्हणजे वीज बल्बमधून जाऊनच संचात पोहोचेल असा, जोडावा. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंदावला, तर फिल्टर कपॅसिटर (विद्युतभार साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) भरले असे समजावे. तो प्रखरच राहिला, तर संच तात्काळ बंद करून रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आणि स्पीकरला शक्ती देणारे आउटपुट ट्रान्झिस्टर तपासावेत. मात्र प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये विद्युतभार उरतो, म्हणून मल्टिमीटरवर त्यांचे व्होल्टेज शून्याजवळ दिसेपर्यंत आत हात घालू नये.