युद्धनौकांचे जुने ग्रंथ घेताना आधी चित्रे मोजा

आरमार हा सगळाच विषय धरलात तर कपाट भरेल, संग्रह होणार नाही. एकच धागा धरा. मराठी माणसाला कान्होजी आंग्रे जवळचे. त्यांच्याशी झालेल्या लढायांवरचा क्लेमेंट डाउनिंगचा १७३७चा ग्रंथ परवडणारा नाही, पण त्याची १९२४ची आवृत्ती कामाची आहे. चार्ल्स लो यांचा भारतीय नौदलाचा इतिहास (१८७७) दोन खंडांत आहे. एकच खंड स्वस्तात मिळाला तर हुरळून जाऊ नका, जोडीदार शोधण्यात वर्षे जातात. जहाजबांधणीच आवडत असेल तर फ्रेड जेन यांची १८९८पासूनची युद्धनौकांची वार्षिके पाहा. 'ड्रेडनॉट' या ब्रिटिश युद्धनौकेचे जलावतरण १९०६चे. आधीच्या ब्रिटिश युद्धनौकांवर १२ इंची तोफा बहुधा चारच असत, तिच्यावर दहा. तेव्हाचे मागचेपुढचे अंक शेजारी ठेवले की हा फरक डोळ्यांना दिसतो.

खरेदीआधी कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात जाऊन जुनी बांधणी नीट पाहून या. रद्दीच्या दुकानात असा ग्रंथ क्वचितच हाती लागतो. मुंबईला गेलात तर फ्लोरा फाउंटनजवळच्या पदपथावर डोकवा.

ग्रंथ हातात आला की चित्रसूचीवर बोट ठेवून एकेक चित्र मोजायचे. घडीचे नकाशे आणि जहाजांचे आराखडे लोक फ्रेमसाठी कापून विकतात. शिवणीजवळ कागदाची अरुंद पट्टी उरलेली दिसली की समजा, तिथले पान गेले. मी एकदा कव्हरवरच्या सोनेरी जहाजाला भुललो आणि घरी येऊन मोजले, तर चार चित्रे गायब! ऑनलाइन घेताना प्रत्येक चित्राचा फोटो मागा. मुखपानाची मागची बाजूही वाचा, कारण जेनच्या काही अंकांची पुढे पुनर्मुद्रणे निघाली. ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि 'रद्द' अशी नोंद नाही, तर ग्रंथ जागेवर ठेवा.

आता आपला पाऊस. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घ्या आणि उघडीप मिळेल तेव्हा दारे उघडी ठेवा, नाहीतर बुरशी ठरलेली. २०१९ आणि २०२१चा पंचगंगेचा पूर पाहिलेल्या माणसाने नदीकाठच्या घरात तळमजल्यावर पुस्तके ठेवूच नयेत. चकचकीत कागदाची पाने भिजली की एकमेकांना चिकटतात, मग सुटत नाहीत. दमट ग्रंथ उन्हात नको, पंख्याखाली वाळवा. फाटलेल्या घडीला सेलोटेप लावू नका. जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या पिठाची पातळ खळ वापरा, हात बसला नसेल तर तसेच राहू द्या.