महामार्ग विभागाची अभियांत्रिकी मार्गदर्शक तत्त्वे अद्ययावत कशी ठेवावीत

प्रथम मार्गदर्शक पुस्तिकेतील प्रत्येक प्रकरणाला एक जबाबदार अभियंता नेमावा, कारण ज्या प्रकरणाला धनी नसतो ते वर्षानुवर्षे तसेच पडून राहते. बदल सुचवणाऱ्याने जुना मजकूर, नवा मजकूर आणि बदलाचे कारण शेजारीशेजारी लिहून द्यावे.

खरी कसोटी परस्परसंदर्भांची असते. समजा, चालकाचा प्रतिक्रियाकाल, म्हणजे अडथळा दिसल्यापासून ब्रेक लावेपर्यंतचा वेळ, २.५ सेकंद धरला आहे. ताशी ८० किलोमीटर वेगाने वाहन तेवढ्या वेळात सुमारे ५६ मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागल्यानंतरचे अंतर त्यात मिळवून थांबण्याचे दृष्टी-अंतर, म्हणजे वेळेत थांबता यावे म्हणून चालकाला पुढचा रस्ता जितका दिसायला हवा ते अंतर, ठरते. प्रतिक्रियाकालाचा हा एक आकडा बदलला की उभ्या वक्राची (चढ-उतार जोडणाऱ्या वक्राची) लांबी, वळणाच्या आतील बाजूची मोकळी जागा आणि छेदरस्त्यावरील दृश्यमानता ही सारी कोष्टके पुन्हा तपासावी लागतात. माझ्या मते, एवढे तपासता येत नसेल तर बदल थांबवलेला बरा.

प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक व अंमलाची तारीख छापावी, आणि निविदा निघालेल्या कामांना कोणती आवृत्ती लागू राहील हे परिपत्रकात स्पष्ट लिहावे. जुन्या आवृत्त्या मात्र नष्ट करू नयेत. पूल कोणत्या निकषांवर बांधला होता, हे दुरुस्तीच्या वेळी त्यांतूनच कळते.