बारावी भूगोल: पेपरच्या आधी काय काय आवरायचं

सगळ्यात आधी जर्नल, पुस्तक नंतर. 100 पैकी 20 मार्क प्रॅक्टिकलचे आहेत आणि ते लेखीच्या आधी होतं, तरी दरवर्षी पोरं दोन-तीन सह्या बाकी ठेवून धडे पाठ करत बसतात आणि मग शेवटच्या आठवड्यात मॅडमच्या मागे स्टाफरूमपर्यंत धावतात. सह्या झाल्या की स्थलनिर्देशक नकाशा (डोंगर, नद्या, रस्ते, गावं तपशिलात दाखवणारा) घ्या, टेबलावर पसरा, मोबाईलवर झूम करून बघू नका प्लीज. प्रमाण 1:50000 असेल तर नकाशावरचे 2 सेमी म्हणजे जमिनीवर 1 किमी, समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या तपकिरी रेषा, 20 मीटर उंचीच्या फरकाने. या रेषा एकमेकींना चिकटून आल्या की चढ तीव्र, लांब लांब असल्या की मंद. नदी काळ्या रेषेत दिसली तर पाणी नाही, कोरडं पात्र. वळणावळणाचा रस्ता मोजायला आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा कंपासमध्ये टाकून ठेवा, थोडा ओला केला की वळणावर मस्त बसतो. सहसंबंधाचं गणित (दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात ते क्रम लावून काढायचं) एकदा तरी हाताने सोडवा. क्रम लावताना दोघांचा नंबर तिसरा आला तर दोघांनाही 3.5, आणि उत्तर 1 च्या वर गेलं तर कुठेतरी घोळ घातलाय, परत मोजा.

आता लोकसंख्येचे दोन धडे, इथे खरा वेळ द्या. लोकसंख्येचा मनोरा (वय आणि लिंगानुसार आलेख) काढताना पुरुष डावीकडे, स्त्रिया उजवीकडे, वयोगट 5-5 वर्षांचे, पाया रुंद म्हणजे जन्मदर जास्त. हे येतंच सगळ्यांना, पण 'कारणे द्या' आलं की गाडी अडते. तर वहीच्या एका पानावर फक्त 2011 च्या जनगणनेचे हे आकडे लिहून ठेवा. मुंबई शहर जिल्ह्यात 1000 पुरुषांमागे 832 स्त्रिया, उपनगरात 860, आणि रत्नागिरीत 1122. का? अरे आपलंच घर बघा ना, आजोबा गिरणीत, लालबागच्या खोलीत आठ-दहा जणांत झोपायचे आणि आजी गावाला शेत सांभाळत, मनीऑर्डरची वाट बघत. चाकरमानी म्हणजे दुसरं काय, पुरुषांचं निवडक स्थलांतर. हे उदाहरण नीट मांडलं तर उत्तराला जीव येतो, नुसतं 'रोजगारासाठी स्थलांतर होते' लिहून काय ते मार्क मिळणार. अजून एक, लोकसंख्या फक्त वाढतेच असं धरून चालू नका. 2001 ते 2011 मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 33.38 लाखांवरून 30.85 लाखांवर आली, गिरण्या बंद, जागा महाग, माणसं डोंबिवली-विरारला सरकली, आणि त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्हा साधारण 36 टक्के वाढला. घनता मात्र शहरात तरीही चौरस किलोमीटरला 20 हजारांच्या आसपास, म्हणजे घट आणि दाटी दोन्ही एकाच उत्तरात. बाकी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला येणं हे स्थलांतर नाही हां, राहण्याची जागा बदलत नाही, इथे दरवेळी कुणीतरी फसतं.

द्वितीयक क्रियांमध्ये (म्हणजे कारखानदारी) वेबरचा सिद्धांत, 1909, उद्योग कुठे उभारायचा तर कमीत कमी खर्चाच्या ठिकाणी. पाठ नका करू, ऊस आणि कापूस समोर ठेवा. एक टन उसातून साधारण 100 किलो साखर निघते मग उरलेलं वजन कोण वाहून नेणार, म्हणून कारखाना शेताजवळ. कापसाचं वजन सूत होताना फारसं घटत नाही म्हणून गिरणी शेतापासून लांब, बंदराजवळ, मुंबईतही चालली. प्राथमिक क्रियांसाठी (निसर्गातून थेट मिळवणं, जसं मासेमारी, मीठ) ससून डॉक आहे, भांडुपची मिठागरं आहेत, हे सगळं हार्बर-सेंट्रलच्या अंतरावर असताना उदाहरण सुचत नाही म्हणणाऱ्यांचं मला नवल वाटतं. तृतीयक, म्हणजे सेवा, सोपं आहे, एकदा वाचा. शेवटचा भूगोलाच्या स्वरूपाचा धडा कंटाळवाणा, पण 'टीप लिहा'मध्ये येतो, सोडू नका.

आणि नकाशा. जगाच्या कोऱ्या नकाशाच्या दहा-बारा प्रती आणून रोज एक भरा. पंपासचा गवताळ प्रदेश अर्जेंटिनात, ब्राझीलभर पसरवू नका. मासेमारीच्या जागांपैकी डॉगर बँक उत्तर समुद्रात, ग्रँड बँक न्यूफाउंडलंडजवळ, यांची अदलाबदल कायम होते. प्रेअरी, स्टेप, व्हेल्ड, डाऊन्स हे गवताळ प्रदेश एकाच रंगाने भरा. सूची करायला विसरलात तर रंगवलेलं सगळं वाया. माझं स्वतःचं सांगते, प्रीलिमला नकाशा एकदम झकास भरला, आणि पुरवण्या बांधताना तो बेंचवरच राहिला. सुपरवायझरने गठ्ठा उचलला तेव्हा मी बाहेर वडापाव खात होते.

आदल्या रात्री बॅगेत हॉल तिकीट, स्टेन्सिल, टोक केलेल्या रंगीत पेन्सिली, पट्टी, खोडरबर, दोन पेनं आणि पुरवणी बांधायला जास्तीचा दोरा.