वर्गात जाऊनही वर्ग का सुधारत नाही? मुख्याध्यापकांनी या चुका टाळाव्यात

शाळेची पाठ निरीक्षण वही चाळली, तर ‘अध्यापन समाधानकारक’, ‘फलकलेखन सुवाच्य असावे’, ‘शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा’ असे तेच ते शेरे वर्षानुवर्षे जवळजवळ प्रत्येक शिक्षकाच्या नावापुढे आढळतात. मुख्याध्यापक मागच्या बाकावर बसतात, शेरा लिहितात, शिक्षक सही करतात आणि दुसऱ्या दिवशी पुढचा पाठ जुन्याच पद्धतीने सुरू होतो. अशा शाळांतले मुख्याध्यापक बहुधा आळशी नसतात. त्यांचे कष्ट मुलांच्या शिकण्यापर्यंत पोहोचत नाहीत, इतकेच.

ते पोहोचले तर किती फरक पडतो, याचा अंदाज अमेरिकेतील वॉलेस फाउंडेशनने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून येतो. शंभर मुख्याध्यापकांना कामगिरीच्या क्रमाने उभे केले आणि खालून पंचविसाव्याच्या जागी पंचाहत्तरावा आणला, तर त्या शाळेतील विद्यार्थी एका वर्षात गणितात सुमारे २.९ महिन्यांचे आणि वाचनात २.७ महिन्यांचे शिक्षण अधिक मिळवतात, असे त्यात म्हटले आहे. हे आकडे महाराष्ट्राला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. मात्र एका व्यक्तीच्या बदलाचा परिणाम शाळेतल्या प्रत्येक मुलावर होतो, ही गोष्ट इथेही तितकीच खरी आहे.

फेरी म्हणजे मार्गदर्शन नव्हे

फ्लोरिडातील मायामी-डेड जिल्ह्यात सुमारे शंभर मुख्याध्यापकांच्या दिनक्रमाचा अभ्यास झाला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षकांना प्रत्यक्ष मार्गदर्शन करण्यात गेलेल्या वेळेचा विद्यार्थ्यांच्या प्रगतीशी चांगला संबंध आढळला. वर्गावर्गांतून नुसत्या मारलेल्या फेऱ्यांचा संबंध मात्र उलटा निघाला, विशेषतः जिथे त्या फेऱ्यांचा शिक्षकांच्या विकासासाठी उपयोग केला जात नव्हता. आपल्याकडच्या निरीक्षण वहीचे दुखणे नेमके हेच आहे.

तिसरीच्या वर्गात हातच्याची वजाबाकी चालू आहे असे समजा. फळ्यावरचे अक्षर सुंदर आहे, मुले एका सुरात उत्तरे देत आहेत. पण बाकांमधून फिरून पाच-सहा वह्या पाहिल्या, तर ५२ मधून २७ वजा करून काही मुलांनी ३५ लिहिलेले दिसते, कारण एककाच्या घरात त्यांनी लहान अंकातून मोठा जात नाही म्हणून सात वजा दोन केले आहेत. हे मागच्या बाकावरून दिसत नाही. त्यामुळे निरीक्षणाला जाताना आज मुलांना नेमके काय यायला हवे, हा एकच प्रश्न शिक्षकांकडून आधी समजून घ्यावा आणि त्याचे उत्तर वह्यांमध्ये शोधावे. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसून कोणत्या मुलांचे कुठे अडते आहे ते दोघांनी मिळून पाहावे, काड्यांचे गठ्ठे सोडवून दशक मोडून दाखवण्यासारखा एकच बदल ठरवावा आणि पंधरवड्याच्या आत तोच वर्ग पुन्हा पाहावा. माझ्या मते ही दुसरी भेट सर्वांत महत्त्वाची असते आणि नेमकी तीच बहुतेक शाळांत राहून जाते.

हे करताना मार्गदर्शन आणि गोपनीय अहवाल (शिक्षकाच्या कामाचे वार्षिक मूल्यमापन) यांची सरमिसळ होऊ देऊ नये. अडचण सांगितली की ती अहवालात उतरते, असे एकदा वाटले की शिक्षक तयार केलेला, हमखास रंगणारा पाठच दाखवतात आणि खरा वर्ग झाकलेला राहतो. भीती घालवण्याचा उत्तम उपाय म्हणजे मुख्याध्यापकांनी स्वतः एक अवघड पाठ घ्यावा, सहकाऱ्यांना बसायला बोलवावे आणि चुका सांगायला लावाव्यात.

कार्यालयात अडकलेली सकाळ

शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली), यू-डायस प्लस (शाळांची माहिती भरण्याचे पोर्टल), पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘आजच माहिती पाठवा’ असे संदेश खरोखरच टाळता येत नाहीत. पण पहिल्या दोन तासिका वर्गांसाठी राखून ठेवणे आणि पोर्टलची कामे दुपारी घेणे बहुतेक माध्यमिक शाळांत शक्य असते. लहान शाळांची अडचण वेगळी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्राथमिक शाळेत पटसंख्या १५० पेक्षा जास्त असेल तरच मुख्याध्यापकाचे पद मिळते. त्यामुळे दोनशिक्षकी शाळेत प्रभार सांभाळणाऱ्या शिक्षकाला स्वतःचेच वर्ग असतात. अशा ठिकाणी आठवड्यातून एकदा दोघांनी वर्गांची अदलाबदल करावी आणि एकमेकांच्या मुलांबद्दल काय दिसले ते बोलावे. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेतही परिपत्रकांच्या वाचनाऐवजी मुलांच्या चार वह्या समोर ठेवाव्यात, असा आग्रह धरता येतो.

दहावीच्या निकालासाठी पाचवीचा बळी

ही चूक सर्वांत क्लेशदायक आहे. निकालाची टक्केवारी राखण्यासाठी अनुभवी शिक्षक दहावीला दिले जातात, पाचवीला वर्षात दोनदा शिक्षक बदलतो, बदली तासिकांचा भारही त्याच वर्गावर पडतो. नववीपर्यंत पोहोचलेल्या कच्च्या मुलाच्या पालकांना सतरा नंबरचा फॉर्म भरण्याचा, म्हणजे दहावीला शाळेबाहेरून खासगीरीत्या बसवण्याचा, सल्ला काही शाळांत दिला जातो. त्यामुळे निकाल स्वच्छ दिसतो, पण ज्या मुलासाठी शाळा आहे तेच मूल शाळेबाहेर जाते.

वेळापत्रक करणे हा मुख्याध्यापकांच्या हातातला सर्वांत मोठा शैक्षणिक निर्णय आहे. जूनमध्ये पाचवीच्या प्रत्येक मुलाकडून एक उतारा स्वतः वाचून घ्यावा, अडखळणाऱ्यांची नावे लिहून ठेवावीत आणि भाषेचा सर्वांत चांगला शिक्षक रोजच्या पहिल्या तासिकेला त्या वर्गावर द्यावा. दिवाळीच्या सुट्टीपूर्वी तीच यादी हातात घेऊन त्याच मुलांना पुन्हा वाचायला सांगावे.