नाताळचा फळांचा केक : दिवाळीनंतर भिजवायचा, डिसेंबरात भाजायचा

दिवाळीत आलेले सुक्यामेव्याचे डबे फराळ संपला तरी अर्धेमुर्धे उरलेले असतात. नाताळच्या केकची तयारी तिथूनच सुरू करावी. फळं भिजायला चार ते सहा आठवडे, भाजून झालेला केक मुरायला दोन ते तीन आठवडे. उलटा हिशेब केला तर ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बरणी भरावी लागते आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात भट्टी लावावी लागते. याला आपल्याकडे प्लम केक म्हणतात, पण त्यात प्लम शोधू नका. जुन्या इंग्रजीत मनुका-बेदाण्यांसारख्या सुक्या फळांनाही ‘प्लम’ म्हणत, तेच नाव टिकून राहिलं.

खालचं माप २० सेंमी (८ इंच) व्यासाच्या आणि निदान ७.५ सेंमी उंचीच्या गोल डब्यासाठी आहे. केक जवळजवळ पावणेदोन किलोचा होतो. चमचे सपाट धरावेत : लहान म्हणजे ५ मिली, मोठा म्हणजे १५ मिली. बाकी सगळं वजनकाट्यावर मोजा. वाटीच्या मापाने हा केक दरवेळी वेगळा होतो.

भिजवायला : काळ्या मनुका २०० ग्रॅम, बेदाणे १५० ग्रॅम, बिया काढलेला खजूर १०० ग्रॅम, अंजीर ७५ ग्रॅम, जर्दाळू ७५ ग्रॅम, टुटी-फ्रुटी ५० ग्रॅम, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल ५० ग्रॅम, काळी रम १५० मिली.

केकला : लोणी (बिनमिठाचं) २२५ ग्रॅम, ब्राऊन शुगर १७५ ग्रॅम, मोठी अंडी ४, मैदा २२५ ग्रॅम, बदामाची पूड ५० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा लहान चमचा, मीठ पाव लहान चमचा, काजू ७५ ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, एका संत्र्याची किसलेली केशरी साल. कॅरॅमलसाठी साधी साखर १०० ग्रॅम.

मसाला : दालचिनी दीड लहान चमचा, सुंठ १, वेलची अर्धा, ताजं किसलेलं जायफळ अर्धा, लवंग पाव.

फळं

बेदाणे सांगली-तासगावचे घेतले तर उत्तम. गर असतो आणि गोडीला किंचित आंबटपणाची जोड असते. मनुका आणि बेदाणे ताटात पसरून एकेक देठ काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दाताखाली आलेला एक देठ सगळा घास खराब करतो. मग कोमट पाण्यात एकदाच झटकन धुऊन सुती फडक्यावर पसरा आणि पंख्याखाली रात्रभर वाळू द्या. हाताला ओल लागत असेल तर बरणीत घालू नका. ओल्या फळांचं पाणी रममध्ये उतरतं, रम पातळ होते आणि मग बुरशीला अटकाव राहत नाही.

खजूर, अंजीर, जर्दाळू बेदाण्याएवढे चिरा. मोठा तुकडा जड असतो, तो पिठात तळाला जातो आणि कापताना सुरीबरोबर ओढला जाऊन भोक पाडतो.

संत्र्याची साल विकत आणण्यापेक्षा घरी करावी, असं आमचं ठाम मत आहे. नागपुरी संत्र्यांचा आंबिया बहार नेमका याच दिवसांत बाजारात येतो, आणि त्या संत्र्याची साल पातळ व सैल असल्याने काम सोपं होतं. दोन संत्र्यांची साल घेऊन आतला पांढरा भाग चमच्याने खरवडा. कडूपणा बराचसा त्यातच असतो. बारीक पट्ट्या करून पाण्यात पाच मिनिटं उकळा, पाणी फेका, नव्या पाण्यात पुन्हा एकदा तसंच करा. मग १०० ग्रॅम साखर आणि १०० मिली पाण्यात मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. साल काचेसारखी पारदर्शक दिसू लागली की झाली. चाळणीवर रात्रभर सुकवून मग चिरा.

सगळं काचेच्या किंवा लोणच्याच्या चिनी मातीच्या कोरड्या बरणीत भरा, रम ओता, झाकण घट्ट लावा. बरणी वरपर्यंत भरू नका, फळं फुगतात. दर तीन-चार दिवसांनी बरणी उलटीसुलटी करा, म्हणजे वरचा थरही भिजतो. फ्रिजची गरज नाही, अंधारं कपाट पुरतं.

रम नको असेल तर संत्र्याचा रस चालतो, पण मग महिनाभर भिजवायचं विसरा. रसातली फळं बाहेर ठेवली तर काही दिवसांतच आंबू लागतात. बुडबुडे आणि आंबूस वास ही त्याची खूण. १५० मिली रसात फळं मंद आचेवर पाच मिनिटं गरम करा, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी भाजायला घ्या. चव वेगळी लागते, कमी नाही.

मसाला आणि कॅरॅमल

बाजारात दालचिनी म्हणून मिळणारी जाड, कडक साल बहुधा कॅसिया असते. ती तिखट असते, म्हणून ती वापरताना एकच चमचा घ्या. पातळ, ठिसूळ पापुद्र्यांची खरी दालचिनी मिळाली तर दीड. मसाला अख्खा आणून तव्यावर नुसता कोमट करा, भाजू नका, आणि कुटून चाळा. जायफळ आयत्या वेळी किसा. किसून ठेवलेल्याचा वास उडतो. लवंगेच्या बाबतीत हात आखडता ठेवा. पाव चमच्याचा अर्धा झाला तर केक दातदुखीच्या औषधासारखा लागतो.

आपल्याकडच्या केकचा गडद रंग आणि किंचित कडसर गोडी येते ती जाळलेल्या साखरेमुळे. जाड बुडाच्या, उंच कडेच्या भांड्यात १०० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे पाणी मध्यम आचेवर ठेवा. ढवळू नका, भांडं हलकेच फिरवा. ढवळल्याने साखरेचे खडे परत जमतात. दुसऱ्या शेगडीवर ८० मिली पाणी उकळत ठेवा. साखर आधी सोनेरी, मग तांबूस, मग गडद तपकिरी होते. धुराची पहिली बारीक रेघ दिसली की लगेच आच बंद. आता तोंड लांब ठेवून, हाताला जाड फडकं गुंडाळून, उकळतं पाणी थोडंथोडं ओता. साखर या वेळी १८० अंशांच्या आसपास असते, वाफ जोरात उसळते, तेव्हा मुलांना ओट्याजवळ येऊ देऊ नका. थंड पाणी ओतलं तर उसळणं वाढतं आणि साखरेचा दगड होतो. तसं झालंच तर मंद आचेवर पुन्हा विरघळवा. धूर निघत राहिला आणि पाक काळा पडला तर मात्र टाकून द्या, तो कडूपणा कशानेही झाकत नाही. या पाकातला ८० मिली केकला लागेल, पूर्ण गार करून.

डबा

डब्याला आतून बटर पेपरचे दोन थर द्या, तळाला आणि कडेला. कडेचा कागद डब्यापेक्षा दोन बोटं वर येऊ द्या. बाहेरून ब्राऊन पेपरची दुहेरी पट्टी सुतळीने बांधा. तीन तासांच्या भाजण्यात कडा मधल्या भागाच्या खूप आधी शिजतात आणि कोरड्या पडतात. कागद तेवढी उष्णता अडवतो. छोट्या ओटीजीत (ओव्हन-टोस्टर-ग्रिलमध्ये) हा कागद तापलेल्या रॉडपासून लांब आहे ना, हे नीट बघा. जागा अपुरी वाटली तर बाहेरचा कागद लावू नका.

पीठ

फळं आदल्या रात्री चाळणीत निथळत ठेवा. खाली जमलेली रम टाकू नका, गरम केकवर लावायला तीच वापरायची आहे. निथळलेल्या फळांना आणि जाडसर चिरलेल्या काजू-अक्रोडांना मोजलेल्या मैद्यातलेच दोन मोठे चमचे चोळा.

लोणी बोट दाबलं तर खड्डा पडेल इतकंच मऊ हवं. डिसेंबरात नाशिक-पुण्याच्या स्वयंपाकघरात ते सकाळी दगडासारखं असतं, म्हणून दोन तास आधी काढा. मुंबई-गोव्यात अर्धा तास पुरतो. तुपासारखं चकाकायला लागलं तर परत फ्रिजमध्ये ठेवा. वितळलेल्या लोण्यात हवा धरली जात नाही. घरी मिठाचंच लोणी असेल तर वरचं मीठ वगळा.

लोणी, साखर आणि संत्र्याची किसलेली साल इलेक्ट्रिक बीटरने पाच-सहा मिनिटं, रंग फिका होईपर्यंत फेटा. अंडी फ्रिजबाहेर तासभर आधी काढलेली असावीत. एकेक फोडून घाला आणि प्रत्येक अंडं पूर्ण मिसळल्यावरच पुढचं. मिश्रण फाटल्यासारखं दाणेदार दिसलं तर अंडी गार होती किंवा घाई झाली. एक मोठा चमचा मैदा घालून फेटलं की सावरतं. मग गार कॅरॅमल बारीक धारेने घाला.

मैदा, बेकिंग पावडर, मीठ, मसाला एकत्र दोनदा चाळून बदामाच्या पुडीसह तीन भागांत मिसळा. इथून बीटर बंद, फक्त स्पॅच्युला. शेवटी फळं. पीठ इतकं घट्ट हवं की चमचा उचलल्यावर ते पडायला क्षणभर वेळ घेईल. पातळ पीठ आणि जास्त बेकिंग पावडर, या दोन्हींमुळे फळं तळाला बसतात. केक हलका व्हावा म्हणून पावडर वाढवण्याचा मोह टाळा. हा केक मुळात भरगच्चच असतो.

पीठ डब्यात दाबून भरा, डबा ओट्यावर दोनदा आपटा म्हणजे आतली पोकळी निघते. चमच्याच्या पाठीने मध्यभागी एक सेंमी खोल खळगा करा. भाजताना मध्य वर येतो आणि माथा सपाट राहतो.

भाजणं

ओव्हन १५० अंश सेल्सिअसला १५ मिनिटं आधी तापवा. वरचा-खालचा दोन्ही रॉड चालू, पंखा बंद. पंखा बंद करता येत नसेल तर १३५ अंश ठेवा. डबा अशा जाळीवर ठेवा की केकचा मध्य ओव्हनच्या मध्यावर येईल. एकूण वेळ अडीच ते तीन तास. पहिला दीड तास दार उघडू नका. त्यानंतर माथा गडद दिसला तर वर अॅल्युमिनियम फॉइल सैल झाका.

सव्वादोन तासांनंतर तपासायला लागा. विणायची सुई मध्यात दोन-तीन ठिकाणी टोचा. एकाच जागी टोचली तर ती चिकट खजुरात जाते आणि भाजलेला केकही कच्चा वाटतो. दुसरी खूण कानाची आहे : डबा बाहेर काढून कान जवळ न्या. आत बारीक सळसळ, उकळल्यासारखा आवाज येत असेल तर अजून ओल आहे. आवाज जवळजवळ थांबला की झाला. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यात ९६ ते ९८ अंश दिसले पाहिजेत.

माथ्याला तडे गेले आणि मध्ये टेकडी आली, तर ओव्हन आकड्यापेक्षा जास्त तापतो. ओटीजीची बटणं अनेकदा अशी फसवतात, आत ठेवायचा वेगळा थर्मामीटर घेतला की पुढचे केक सुधारतात.

मुरवणं

केक बाहेर आल्यावर माथ्यावर सुईने टोचे मारा आणि निथळून ठेवलेली रम ब्रशने लावा. रात्रभर डब्यातच राहू द्या. गरम असताना काढला तर स्वतःच्या वजनाने मोडतो. पूर्ण गार झाल्यावर आधी बटर पेपरमध्ये, मग फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फॉइल थेट केकला लावू नका, फळांच्या आंबटपणाने ती झिजते. कोमट केक गुंडाळला तर आत वाफेचं पाणी जमतं आणि चार-पाच दिवसांत बुरशी येते.

आठवड्यातून एकदा उघडून एक मोठा चमचा रम लावा, एका आठवड्याला वरून, पुढच्याला खालून. तीन वेळा पुरे, आणि शेवटची वेळ कापण्याच्या चार दिवस आधी. जास्त पाजलेला केक मध्ये चिखलासारखा होतो आणि मसाल्याऐवजी दारूच लागते. भाजल्यानंतर लावलेली ही रम उडून जात नाही, म्हणून मुलांना किंवा दारू न घेणाऱ्यांना देण्याआधी सांगायलाच हवं. रसाचा केक मुरवत बसू नका. तो फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन आठवड्यांत संपवा.

अंड्याशिवाय, ओव्हनशिवाय

अंडी नको असतील तर वरच्या कृतीतून नुसती वगळून चालत नाही, कारण इतकी फळं धरून ठेवणारं दुसरं काही उरत नाही. गोड कंडेन्स्ड मिल्क ४०० ग्रॅम, वितळवलेलं लोणी १०० ग्रॅम, मैदा २२५ ग्रॅम, बेकिंग पावडर १ आणि खायचा सोडा अर्धा लहान चमचा, कॅरॅमल ८० मिली, संत्र्याचा रस १०० मिली, मसाला तोच. वेगळी साखर नको. फळं आणि सुकामेवा मिळून ४०० ग्रॅमवर जाऊ नका. सोडा पडला की पीठ थांबवून ठेवायचं नाही, लगेच १६० अंशांना ७५ ते ९० मिनिटं.

कुकरमध्ये पूर्ण मापाचा केक करू नका. मध्य शिजेपर्यंत तळ जळतो. निम्मं माप, १५ सेंमीचा डबा, तळाला मिठाचा थर आणि त्यावर जाळी, शिट्टी व रिंग काढून, पाणी न घालता अगदी बारीक आचेवर दीड तास. जवळच्या बेकरीवाल्याशी ओळख असेल तर त्याच्या भट्टीत डबा भाजून मिळतो का विचारा. नाताळच्या आठवड्यात तिथे गर्दी असते, म्हणून डिसेंबर लागताच.

कापताना दातेरी सुरी घ्या, गरम पाण्यात बुडवून पुसून, आणि दाबू नका, करवतीसारखी चालवा. तुकडे बोटभर जाडीचेच करा.