ओटा फोडायला घेताय? स्वयंपाकाच्या या चुका टाळा

मिस्तरी म्हणाला होता, "वहिनी, पंधरा दिवसांचं काम आहे." परभणीतल्या आमच्या जुन्या घरातला कडप्प्याचा ओटा फोडून ग्रॅनाइटचा करायचा, शहाबादी काढून टाइल्स बसवायच्या, एवढंच. त्या पंधराचे सदतीस झाले. पहिल्या आठवड्यात आम्ही जे खाल्लं त्याला जेवण म्हणायला सासूबाई आजही तयार नाहीत.

आधी घण, मग चुलीचा शोध

सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. सकाळी आठला घण पडला आणि साडेआठला लक्षात आलं, चहाला शेगडी कुठे मांडायची? घण पडायच्या आधी दोन दिवस तात्पुरत्या जागी स्वयंपाक करून बघा. काय कमी पडतं ते तिथेच कळतं. आमच्याकडे सांडशी, पोळपाट आणि मिसळणाचा डबा पोत्यात बांधून माळ्यावर गेले होते, त्यांच्यावर भांड्यांची आणखी चार पोती.

"चार दिवस मेसचा डबा लावू" असंही वाटतं. लावा, पण ज्वारीवर वाढलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी मैदामिश्रित पोळी घशाखाली उतरत नाही.

"इंडक्शन आहे ना!"

इथे जरा थांबून वाचा. दोन हजार वॅटचं इंडक्शन जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतं. बैठकीतला साधा पॉइंट ६ अँपिअरचा असतो. मोठी पिन छोट्या सॉकेटमध्ये बसवायला कन्व्हर्टर मिळतो, आम्हीही आणला. दुसऱ्या दिवशी वरण शिजता शिजता प्लास्टिक जळाल्याचा वास आला. पिन हाताला गरम लागली की समजा, आता बंद करायचं. एसी, गीझर किंवा वॉशिंग मशीनचा १६ अँपिअरचा पॉइंट वापरा. एक्स्टेंशन बोर्डावर तर मुळीच नको.

दुसरा घोळ भांड्यांचा. बुडाला लोहचुंबक चिकटला तरच ते भांडं इंडक्शनवर चालतं. घरातला ॲल्युमिनियमचा कुकर, पितळी पातेली, सगळी बाद. भाकरीचा तवा लोखंडी असला तरी खोलगट, त्यामुळे इंडक्शन नुसतं टीं-टीं करतं. सपाट बुडाच्या तव्यावर फडक्याने दाबून दाबून भाजली तर भाकरी थोडीफार फुगते. जाळावरच्या भाकरीची सर नाही. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: भाकरी खाणाऱ्या घरात शेगडी हलवा, इंडक्शन फक्त चहा-दुधाला ठेवा.

शेगडी हलवताना मात्र ती जमिनीवर मांडू नका. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. सिलिंडर जमिनीवर उभा, शेगडी त्याच्याहून उंच टेबलावर, जवळची खिडकी उघडी. टाइल्स कापायचं कटर किंवा वेल्डिंग चालू असेल त्या खोलीत सिलिंडर नकोच. जोडणी केल्यावर सांध्यांना साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघा. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, विजेच्या बटणाला हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ वर फोन करा.

जाळ पिवळा आणि भांड्यांची बुडं काळी व्हायला लागली तर बर्नरच्या छिद्रांत धूळ बसली आहे असं समजा. बर्नर थंड झाल्यावर काढून टाचणीने छिद्रं मोकळी करा.

महिन्याचं पीठ एकदम दळणं

हा माझा शहाणपणा. गडबडीत गिरणीच्या फेऱ्या नकोत म्हणून दहा किलो ज्वारी एकदम दळून आणली. दोन आठवड्यांत पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली. भाकरी थापता थापता कडेने फाटायची. सासूबाईंनी उपाय सांगितला, "त्याला आधण घाल." उकळतं पाणी ओतायचं, पाच मिनिटं झाकायचं, मग गरम असतानाच चांगलं मळायचं. पण त्यापेक्षा दोन-दोन किलोच दळून आणा.

भाजीचा कंटाळा आला की येसर, म्हणजे भाजलेल्या धान्य-डाळी-मसाल्यांचं पीठ, आहेच: फोडणी, पाणी, येसर, उकळी, आमटी तयार. मुरमुऱ्यांचा सुशीला दहा मिनिटांत होतो. प्रवासाला करतो तसे धपाटे करून ठेवले तर दुसऱ्या दिवशीही शेंगाच्या चटणीबरोबर चालतात.

धूळ आणि पाणी

दाराला ताडपत्री लावली तरी कुलर सुरू केला की सिमेंटची धूळ थेट ताटात. टाइल्स अंगणात, पाणी सोडूनच कापायला सांगा.

सिमेंटच्या कामावर निदान सात दिवस पाणी मारावं लागतं. आपल्याकडे नळाला दिवसाआड आलं तरी नशीब. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी मागवावं लागलेल्या लातूरकरांना तर हे सांगायलाच नको. बांधकामाचा ड्रम वेगळा ठेवला नाही तर मिस्तरी पिण्याच्या पाण्यातच डबा बुडवतो.

मोरी फुटल्यावर भांडी न्हाणीत येतात. शितं आणि तेल एकवेळ निघतं, पण कामगाराने तिथेच घमेलं धुतलं तर सिमेंट पाइपात घट्ट बसतं. आमचा पाइप शेवटी कापावा लागला. घमेली बाहेरच धुवायची, हे पहिल्याच दिवशी सांगा.

सण न बघता काम काढणं

आम्ही श्रावणात सुरुवात केली, भाद्रपदात महालक्ष्म्या दारात! सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि घरात एकच शेगडी. पुरण शेजारच्या काकूंकडे शिजलं, भाज्या जावेकडे, आणि नैवेद्याचं ताट अर्धवट टाइल्स लावलेल्या भिंतीसमोर वाढलं. आदल्या दिवशी प्लंबर सिंकच्या कडेला सिलिकॉन भरून गेला होता आणि चोवीस तास पाणी लावू नका म्हणाला होता. त्या दिवशीची सगळी भांडी अंगणात, पत्र्याच्या टबात घासली.